आवाजाची दुबार प्रत

दादाच्या शस्त्रक्रियेची तारीख डॉक्टरांनी इतक्या सहजपणे सांगितली, की जणू नळदुरुस्तीला माणूस येणार होता. मंगळवार, सकाळी साडेसात, उपाशीपोटी. मध्ये अठरा दिवस होते. गाठीबरोबर स्वरयंत्र संपूर्ण जाईल, श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून चालेल आणि बोलणे कायमचे थांबेल, हे तिन्ही त्यांनी एका दमात उरकले आणि मग विचारले, "काही शंका?"

"आत्ताच विचारून घेतो," दादा म्हणाला. "नंतर तुम्हाला आरामच आहे."

माझा हा थोरला भाऊ चौतीस वर्षे लिफ्ट तपासनीस होता. उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत, सात मजले खाली उभ्या असलेल्या माणसाला नीट ऐकू जावे म्हणून, प्रत्येक शब्दानंतर तो किंचित थांबे. प्रतिध्वनी विरल्याखेरीज पुढचा शब्द सोडायचा नाही, ही त्याला लागलेली शिस्त जेवणाच्या टेबलावरही सुटली नव्हती. वहिनी म्हणायची, "यांच्याशी भांडायचं म्हणजे हातात विणकाम घेऊन बसावं. यांचं एक वाक्य संपेपर्यंत बाही होते."

रुग्णालयातील वाणी-उपचारतज्ज्ञ बाईंनी एका सेवेचे नाव कागदावर लिहून दिले. फोनवर तीनशे वाक्ये वाचायची. त्यांवरून ती सेवा आवाजाची प्रतिकृती घडवते. पुढे माणसाने बोटांनी लिहायचे आणि यंत्राने त्याच्याच आवाजात बोलायचे. सेवेच्या पहिल्या पानावर लिहिले होते: "तुमचा आवाज, कायमचा." असे विधान करण्यापूर्वी तत्त्वज्ञ मंडळी निदान दोन-तीन शतके वाद घालत असत. इथे ते एका हसऱ्या जोडप्याच्या छायाचित्राखाली छापलेले होते.

मागच्या खोलीत कपाटांची दारे उघडून त्यांवर पांघरुणे टाकली, कारण प्रतिध्वनी चालणार नव्हता. आयुष्यभर प्रतिध्वनीच्या तालावर बोललेला माणूस त्या गोधड्यांच्या गुहेत फोन धरून बसे आणि पडद्यावर येईल ते वाचे.

"माझ्या कुत्र्याला समुद्रकिनारा फार आवडतो," दादा वाचायचा आणि फोन बाजूला ठेवून विचारायचा, "कुठला कुत्रा?"

"वाचा हो मुकाट्यानं," वहिनी बाहेरून म्हणायची.

"मुकाट्यानं वाचायची सोय मंगळवारपासून आहे."

"वन्सं, बघा तुमच्या भावाची थेरं!" ती मला म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची, आपले रडणे ध्वनिमुद्रणात जाऊ नये याचीही तिला काळजी होती.

तीनशे वाक्ये सोळा दिवसांत झाली. शेवटच्या चाळीस वाक्यांत आवाज फाटला होता. तरी दादाने एकही वाक्य गाळले नाही.

सोमवारी दुपारी फोनने कळवले की जागा संपली आहे. काही फाइली हटवल्याशिवाय आवाज घडवण्याची प्रक्रिया सुरू होणार नाही. दादा रुग्णालयात दाखल झाला होता. वहिनीने फोन माझ्या हातात दिला. "हे तुम्हीच करा. आवरासावर हे तुमचं कामच."

ते माझेच काम होते, हे खरे. एकतीस वर्षे मी ग्रंथालयाच्या तालिकीकरण विभागात काढली आणि त्यांतील निम्मी दुबार प्रती बाद करण्यात. एकच पुस्तक दोन ठिकाणी आढळले, की शीर्षक, आवृत्ती, पृष्ठसंख्या ताडून पाहायची, एक प्रत ठेवायची, दुसरीवर 'बाद' असा शिक्का मारायचा आणि त्याच संध्याकाळी ती लगद्यासाठी रवाना करायची. कोपऱ्यात ठेवली, की कोणीतरी दयाळू माणूस ती पुन्हा फळीवर ठेवतो. मी बाद केलेले पुस्तक कधी परत आले नाही, असा माझा लौकिक होता.

फोनमध्ये तीनशे ध्वनिमुद्रणे होती. सेवेच्या ऑनलाइन साठ्यातही तीनशे. तीच नावे, तीच लांबी. मी कागदावर रकाने आखले आणि साडेतीन तास बसून एकूणएक ताडून पाहिली; प्रत्येकापुढे खूण केली. मग फोनमधील तीनशे निवडून हटवली. ती कचरापेटीत गेली. कचरापेटी म्हणजे माझ्या लेखी तो कोपराच. मी तीही रिकामी केली. "तुम्हाला खात्री आहे का?" असे फोनने विचारले. मला खात्री होती. खात्री करून घेणे यावरच मी आयुष्यभर जगले होते.

साठ्यात दिसत होती ती दुसरी प्रत नव्हतीच; फोनमधलीच तिथे दिसत होती. एकाच झाडाकडे दोन खिडक्यांतून पाहून मी दोन झाडे मोजली आणि त्यांतले एक तोडले.

हे कळले शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी. दादा अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत आला होता; गळ्यात नळी, हातात वही. आता यंत्राला बोलते करावे म्हणून वहिनीने फोन उघडला. पडद्यावर रंगीबेरंगी फुगे वर चढले आणि अक्षरे आली: "तीनशेपैकी शून्य वाक्ये पूर्ण. चला, सुरुवात करूया!"

"म्हणजे काय, वन्सं?" वहिनीने विचारले.

मी सांगितले. एका वाक्यात सांगितले, कारण दुसरे वाक्य सुचले असते तर ते सबबीचे असते. "मी पुसलं सगळं."

वहिनी खुर्चीवर बसली. दादाने वही ओढली आणि लिहिले: "कागदावरच्या खुणा तरी ठेवल्या असशील." मी मान हलवली. त्याचे खांदे हलले. तो हसत होता हे मला उशिरा कळले. हसण्याचा आवाज नसला, की हसणे आणि गुदमरणे यांत पाहणाऱ्याला भेद करता येत नाही.

सेवेच्या नियमावलीत, सत्ताविसाव्या पानावर, एक आशा होती. पुसलेली ध्वनिमुद्रणे सेवा आपल्याकडे तीस दिवस राखून ठेवते आणि खात्याच्या मालकाने ओळख पटवल्यास परत करते. वीस दिवस उरले होते. मी साहाय्यविभाग उघडला. तिथे 'मैत्री' नावाचे एक यंत्र होते. त्याने माझे स्वागत केले, माझ्या संयमाबद्दल आभार मानले (मी तोवर काहीही बोलले नव्हते) आणि सांगितले की मालकाने नोंदणीच्या वेळी ठरवलेले वाक्य स्वतःच्या आवाजात म्हणावे.

ते वाक्य त्यांनीच सुचवलेले होते: "माझा आवाज हीच माझी ओळख."

मी लिहिले, मालकाचे स्वरयंत्र काढले आहे. मैत्रीने लिहिले, "हे ऐकून वाईट वाटले! शांत जागी जाऊन पुन्हा प्रयत्न करा." मी 'इतर अडचण' हा पर्याय निवडला आणि प्रारंभीच्या पानावर परत आले. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी ज्ञानाची चार प्रमाणे मानली. या लोकांनी पहिली तीन रद्द केली आणि चौथे कापून टाकलेल्या माणसाकडे ते मागितले.

सहा दिवसांनी जिवंत माणूस मिळाला. आवाज तरुण मुलीचा होता, आणि मागे शंभर तरुण आवाजांचा कलकलाट.

"बोला ना मॅडम, खातं कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या भावाच्या."

"मग सरांना द्या ना फोन. एकच मिनिट लागेल."

"ते बोलू शकत नाहीत."

"हो का? मग कधी मोकळे असतील? मी परत करते."

"बाई, त्यांना आवाज राहिलेला नाही. तो तुमच्याकडे आहे. तोच परत मागायला फोन केलाय."

मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "काकू, मला कळतंय. पण माझ्यासमोर फक्त दोन बटणं आहेत. आवाज जुळला आणि आवाज जुळला नाही."

"आणि जुळवायला आवाजच नसेल तर?"

"ते दुसऱ्यातच टाकायचं सांगितलंय. तीनदा दुसरं दाबलं की खातं गोठतं. मी दाबत नाही, काकू. तुम्ही ठेवून द्या फोन. मी लाइन गेली असं लिहिते."

एवढ्या दिवसांत आम्हाला मिळालेले ते एकमेव साहाय्य.

मग लेखी अर्ज. डॉक्टरांचे प्रमाणपत्र, दादाची स्वाक्षरी, ओळखपत्र, नळीसह छायाचित्र. छायाचित्र "त्रासदायक मजकूर" म्हणून नाकारले गेले. नळीवर रुमाल बांधून दुसरे काढले, तेव्हा चेहरा ओळखपत्राशी जुळेना, कारण दादाचे बारा किलो वजन उतरले होते. दरम्यान मी घरातील बाकीचा दादा गोळा केला. त्याला फोनवर बोलायचा कंटाळा; दोन निरोप सापडले, "निघालो" आणि "पोचलो". एका लग्नाच्या चित्रफितीत तो कोणाला तरी "सरक" म्हणतो. एकूण एकेचाळीस सेकंद. उपचारतज्ज्ञ बाई म्हणाल्या की किमान दहा मिनिटे लागतात. गळ्याला लावून बोलण्याचे एक कंप पावणारे उपकरणही त्यांनी आणून पाहिले. शस्त्रक्रियेआधीच्या किरणोपचाराने सुजून टणक झालेल्या मानेतून त्याची नुसती घरघर उमटली. वहिनी खोलीबाहेर गेली, आणि दादाने ते स्वतःच बंद करून परत दिले.

अर्जाचे उत्तर एकतिसाव्या दिवशी आले. त्यांना आमच्या भावना समजत होत्या. मुदत संपल्यामुळे मूळ ध्वनिमुद्रणे नष्ट झाली होती. मात्र नोंदणीच्या वेळी दिलेल्या संमतीनुसार त्यांतून मिळालेली माहिती सेवा सुधारण्यासाठी वापरली गेली असून, आमच्या योगदानाबद्दल ते ऋणी होते. म्हणजे दादाचा आवाज होता. थेंब थेंब करून तो हजारो परक्या गळ्यांत मिसळला होता. फक्त त्याचा म्हणून कुठेच नव्हता. पत्राखाली सहा तयार आवाज सुचवलेले होते.

दादाने 'पुरुष ४' निवडला. वर्णन होते: प्रौढ, विश्वासार्ह, आपुलकीचा. हा आवाज अर्थातच एकट्या दादाच्या मालकीचा नव्हता. दिवसातून चारदा विमा, पंखे आणि दातांच्या कवळ्या विकायला जो फोन येतो, तो याच विश्वासार्ह आपुलकीने येत असे. घरात तो बोलू लागला, की वहिनी नकळत पदर सावरून बसे. "चहा घेणार का, विचारतोय तो," ती मला एकदा म्हणाली. समोर बसलेल्या नवऱ्याबद्दल ती तिसऱ्याच माणसाबद्दल बोलावे तशी बोलत होती आणि ते तिच्या लक्षात आले नव्हते. दादाच्या आले होते.

या नव्या आवाजाच्या तिसऱ्या आठवड्यातील एका सकाळी मी ओट्याशी वहिनीला मदत करत होते. मागच्या खोलीतून 'पुरुष ४' म्हणाला, "अगं." थोड्या वेळाने पुन्हा, त्याच पट्टीत, त्याच आपुलकीने, "अगं." मग तिसऱ्यांदा.

"बंद करा हो ती जाहिरात," वहिनी हात न थांबवता म्हणाली. 'आम्ही हललो नाही' असे लिहून अनेकवचनाआड लपणे सोयीचे झाले असते. मी हलले नाही.

दादा भिंतीला धरून दारात आला, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. गळ्यातली नळी कफाने तुंबली होती. वहिनीने आतली नळी उपसून काढली, धुतली, परत बसवली. शिकवल्याबरहुकूम, चाळीस सेकंदांत. मग ती जमिनीवर बसली आणि दादाच्या पायांना धरून म्हणाली, "अहो, मला वाटलं कोणीतरी आहे. मला वाटलंच नाही तुम्ही आहात."

दादाने वहीत लिहिले, "मलाही वाटत नाही."

दुसरा आवाज निवडू या, असे मी म्हटले. अजून पाच आहेत. त्याने फोन माझ्याकडे सरकवला आणि लिहिले, "हे बाद कर." मी सेवा फोनमधून काढून टाकली. खात्री आहे का, असे फोनने विचारलेच.

त्या दिवसापासून त्याच्या पलंगाशी स्टीलची वाटी आणि चमचा असतो. चमचा वाजला, की वहिनी असेल तशी उठते. एकदाही चुकलेली नाही. पाणी हवे, नळी धुवायची आहे, खिडकी लावायची आहे, की नुसतीच ती हवी आहे, हे तिला विचारावे लागते आणि तो मानेने हो-नाही करतो.

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आले. त्या बाई वहिनीला जिन्यात भेटल्या. आमचे दार उघडेच होते.

"घरात लहान बाळ आहे वाटतं?" त्यांनी हसून विचारले. "दिवसभर वाटी वाजवत असतं."

"त्रास होतो का तुम्हाला?" वहिनीने विचारले.

"छे हो! उलट बरं वाटतं. किती महिन्यांचं?"

वहिनी काहीतरी बोलली. काय, ते मला ऐकू आले नाही. मी मागच्या खोलीत होते आणि दादाकडे पाहत होते. त्याला सगळे ऐकू आले होते, कारण कानांना डॉक्टरांनी हात लावलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याची उशी सारखी करायला गेले. वाटीत हातरुमालाची नीट घडी घालून ठेवली होती आणि तिच्यावर चमचा, आवाज होणार नाही असा, आडवा.