चौकातला आड

“जिवाणी वरनं ओतू नकोस गं. दोरीचा तांब्या पाण्याला टेकू दे, मगच हळू कलता कर.”

चाळीस वर्षांपूर्वी चिमणाबाईंनी आपल्या नव्या सुनेला, त्रिशलाला, हे शिकवलं. तो आवाज अजून माझ्या दगडांत आहे. मित्रांनो, मी कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका जैन घराचा जुना आड आहे. आड म्हणजे घरातली अरुंद विहीर. पाणी गाळलं की फडक्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, तीच जिवाणी. ज्या पाण्यातून ते आले त्याच पाण्यात त्यांना परत सोडायचं, हा या घरचा नेम.

माझा जन्म घराच्या आधीचा. मला खणताना निघालेला काळा दगड वाया गेला नाही, त्याचंच घराचं जोतं बांधलं. मी जेवढा खोल गेलो, तेवढं घर उंच झालं. माझ्याभोवती चौक, चौकाला सागवानी खांब, खांबांमागे सोपा म्हणजे ओसरी, वर कौलं. चारी बाजूंचं पावसाचं पाणी चौकात पडे आणि फरशीच्या फटींतून मुरत माझ्याकडे येई. उन्हाळ्यात माझ्यावरून गेलेला वारा माजघर गार करी. बांधणाऱ्यांनी फार विचार केला होता, त्याचं श्रेय मला नको.

मग नळ आला. रहाट गंजला. माझ्या तोंडावर पत्रा बसला, पत्र्यावर कुंड्या. फक्त त्रिशलाबाई रोज सकाळी पत्रा सरकवत. दुसरं पाणी त्या पीत नाहीत, तसं व्रतच आहे. एका महापुरात शहराचे नळ बंद पडले, तेव्हा मात्र सारी गल्ली कळशा घेऊन माझ्या काठावर आली. मला हळदकुंकूसुद्धा वाहिलं. पूर ओसरला, पत्रा परत आला.

यंदा त्यांच्या मुलानं, अभिनंदननं, चौकाच्या जागी खाली गाडी आणि वर दोन खोल्या बांधायचं ठरवलं. नवा खांब बरोबर माझ्यावर येणार होता. मला बुजवायला मुरमाची गाडी सोमवारी यायची होती.

“आई, तुला बोअर मारून देतो की,” तो म्हणाला.

“पाण्याचं न्हाय रे. चाळीस वर्षं ज्यांना हातानं परत सोडलं, त्यांच्यावर मुरूम पडताना बघत बसू व्हय? मी गडहिंग्लजला जाते, अनुजाकडं. लेकीच्या रानात विहीर हाय.”

आवाज चढला नाही. त्यांनी दोन पातळं पिशवीत घातली.

शेजारच्या बायडाबाई दारातूनच ओरडल्या, “अभ्या, आईला घालवून गाडी आत घेतोस व्हय? लई शाना! पुरात ह्येचंच पाणी प्यालास न्हवं?”

“मावशी, रस्त्यावर लावली की तुमचीच नातवंडं ओरखडे काढत्यात!”

“लाव की माझ्या दारात. बघते कोण हात लावतंय!”

अभिनंदन हसला नाही. त्यानं आईच्या हातातली पिशवी घेतली. “थांब आई. आड बुजवणार न्हाय. खांब सरकवून घेतो, एक खोली गेली तरी चालंल. शब्द देतो.”

 त्रिशलाबाई गेल्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा आड पत्र्याखाली असेल. त्यात राडारोडा टाकू नका. निदान एकदा पत्रा उचलून आत बघा. खाली कुणीतरी राहत असतं.

रविवारी उजाडताना त्रिशलाबाई बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवदर्शनाला गेल्या होत्या. अभिनंदननं टेप लावून माझं तोंड मोजलं, आकडा नव्या बांधकामाच्या नकाशाच्या कोपऱ्यात लिहिला. मुरूमवाल्याला फोन करून “गाडी नको” एवढंच म्हणाला. मग नकाशा गुंडाळून काखेत धरला आणि इंजिनिअरच्या घराकडे चालत निघाला.