विनंतीखाली दबलेली पिन

मी आग विझवायचा एक जुना लाल सिलिंडर आहे. मला घडवणाऱ्यांनी माझ्या पोटावर इंग्रजीत तीनच ओळी छापल्या होत्या: पुल द पिन. एम ॲट द फायर. प्रेस द लिव्हर. पिन ओढा, आगीवर नेम धरा, दांडा दाबा. बस्स.

शिवणकामाच्या कारखान्यात आलो, तेव्हा आठवडाभर कौतुक झाले. मग कुणी माझ्या गळ्यात छत्री अडकवली, कुणी डब्याची पिशवी. तेही मी गुमान सोसले.

पुढे नवे मॅनेजर आले. त्यांना माझी भाषा उर्मट वाटली. मोठी गिऱ्हाइके येणार, त्यांच्यावर हुकूम सोडायचे? त्यांनी ‘यू आर काइंडली रिक्वेस्टेड’, म्हणजे ‘आपणांस नम्र विनंती’, असा सुरू होणारा लांबलचक कागद माझ्या ओळींवर चिकटवला. पिन ओढायची ओळ गेली पार तळाला. मित्रांनो, चहाला बोलावताना विनंती जरूर करा. पण घर पेटल्यावर कसली विनंती करता?

एका दुपारी इस्त्रीच्या टेबलावर कापड पेटले. इस्त्रीवाल्या मावशींनी मला खेचले. शाळेत शिकलेले इंग्रजी आठवत त्या कागद वाचत होत्या आणि एका हाताने दांडा दाबत होत्या, पण पिन ओढल्याशिवाय तो दबत नव्हता. पोटात सगळे भरलेले असून मी मुका! कटिंग मास्तर धावत आले, त्यांनी पिन उपटली, तोवर मावशींचा उजवा हात भाजला होता.

मला पुन्हा भरून खिळ्याला टांगले. मावशी हाताला पट्टी बांधून कामावर आल्या, तर मॅनेजर म्हणाले, बाईला वाचता येत नाही, हिला घरी बसवा.

मावशी शांतपणे म्हणाल्या, “वाचता येतं साहेब. तुमचंच वाचत बसले होते. आता तुम्ही वाचा. मास्तर काडी ओढतील. ती विझायच्या आत पिन सापडली, तर मी आपणहून घरी जाते.”

मशिनी थांबल्या. मास्तरांनी काडी ओढली. मॅनेजर खणखणीत आवाजात वाचू लागले.

काडी विझली, तेव्हा साहेब अजून विनंतीच करत होते.

मावशींनी डाव्या हाताच्या नखाने तो कागद टराटरा सोलला, आणि त्या आपल्या इस्त्रीच्या टेबलाशी कामाला लागल्या.

मित्रांनो, मला पुसा, भरा, माझ्या गळ्यातली पिशवी काढा. आणि ज्या ओळीवर कुणाचा हात अवलंबून आहे, तिथे आपली ऐट मिरवू नका. पिन आधी लिहा.