पाच हजारांच्या पुढे

फाईल एक

तिसरा गिअर, दोन हजार आरपीएम, आणि आता पाय दाबला की सोडायचा नाही, असं ठरलं होतं. तीन हजार. टर्बोची शिट्टी सुरू झाली. रस्त्याकडेच्या बाभळी एकमेकींत मिसळल्या, चार हजार, नाथाजीच्या तोंडावर हसू पसरायला लागलं, साडेचार, मागच्या सीटवर हरणाबाईंनी पदर दातात धरला, पाच हजार, आणि गाडी

जराशी अडखळली.

थांबली नाही की वेगळा आवाज केला नाही. पळता पळता कुणी मागून हाक मारावी आणि पाय आपोआप आवरावेत, तेवढंच. मग पुन्हा पळाली.

"अडली," नाथाजी म्हणाला.

"बघितलं," दीपमाला म्हणाली. तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर ताकदीची रेघ वर चढत गेली होती, आणि पाच हजारांपाशी तिला खळगा पडला होता.

दीपमाला मलकापूरची, कराडला लागून आहे ते. हायवेच्या कडेला तिचं गॅरेज, त्यात पाने कमी आणि केबली जास्त. इंजिन किती पेट्रोल घेईल, ठिणगी कधी पाडेल, हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. त्यातलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून दुसरं भरलं की तेच इंजिन जास्त जोरात पळतं. गेली काही वर्षं ती बेंगळुरूच्या एका माणसाकडून तयार फाईल मागवायची आणि भरायची. आत काय लिहिलंय ते तो कधी सांगायचा नाही. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. दीपमाला मात्र घरी जाऊन गप्प बसायची. स्वयंपाक दुसऱ्याचा, आपण नुसत्या वाढपी.

या हिवाळ्यात तिने पहिल्यांदा स्वतः फाईल लिहिली. नाथाजीच्या गाडीसाठी.

नाथाजी आटपाडीकडचा. मेंढरांमागे वाढला, मिसरूड फुटायच्या आत गलाईच्या कामाला तमिळनाडूत सेलमला गेला, दुसऱ्याच्या भट्टीवर सोनं गाळता गाळता स्वतःच्या दुकानाचा मालक झाला, आणि यंदा जत्रेला निळी जर्मन हॅचबॅक घेऊन गावी आला. उद्या सकाळी परत निघणार होता.

"ताई, राग मानू नका," त्याने आधीच सांगून टाकलं होतं. "आज जमलं तर तुमची फाईल घिऊन जातो. न्हाई जमलं तर जाता जाता बेंगळुरात थांबून त्या माणसाची भरून घेतो. वाटंतच हाय."

वाटेतच आहे. तिला सगळ्यात जास्त हेच लागलं होतं.


फाईल दोन, आणि लगेच तीन

कराडच्या बाजूला सगळे रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेले, म्हणून ती एवढ्या लांब, नाथाजीच्या गावाकडे आली होती. इथे नव्या रस्त्याचा एक तुकडा अजून वाहतुकीला उघडला नव्हता. सरळ, सपाट, दोन्ही टोकांना पिंपं आडवी लावलेली. रस्त्याच्या कामावरचा मुकादम नाथाजीचा बालमित्र होता. एका टोकाला तो स्वतः राखणीला बसला होता.

हरणाबाई म्हणजे नाथाजीची आई. त्यांचं इथे खरं तर काही काम नव्हतं. पण पोरगा वर्षातून एकदा येतो आणि आल्यापासून गाडीतच असतो, हे बघून त्या सकाळी सरळ मागच्या सीटवर येऊन बसल्या होत्या. पहिल्या फेरीनंतर उतरायला लागल्या, तेव्हा दीपमालाने अडवलं.

"मावशी, आता उतरू नका."

"का गं?"

"एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. मी फाईल बदलली आणि तुमी बी उतरलासा, तर गाडी कशानं पळाली ते कळायचं न्हाई."

"म्हंजे मी बसल्याबिगर परीक्षा व्हत न्हाई?"

"न्हाई."

हरणाबाई पाय वर घेऊन मांडी घालून बसल्या. "ऐकलंस का रं नाथा?"

"ऐकलं, आये."

"मग आता 'आये, तू घरी जा' आसं म्हणू नगंस."

दुसऱ्या फाईलमध्ये दीपमालाने ठिणगी किंचित उशिरा केली. तीन हजार, शिट्टी, बाभळी, चार हजार, हसू, साडेचार, पदर, पाच हजार, आणि

अडखळली.

तिसरीत इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब उतरवला. बाभळी, हसू, पदर, पाच हजार,

अडखळली.

"काय दुखतंय त्याला?" हरणाबाईंनी विचारलं.

दीपमाला मागे वळली. हा प्रश्न एवढ्या सरळ तिला कुणी विचारला नव्हता. "मावशी, इंजिनाला एक कान आसतो. खाली, पोटाला चिकटवलेला. आत पेट्रोल येडंवाकडं पेटलं की लोखंडावर टकटक होती. ती टकटक त्या कानाला ऐकू आली की इंजिन आपणहून दमानं घेतं. मोडायला नको म्हणून."

"शाणं हाय की."

"शाणं हाय. पण आज त्याला टकटक ऐकू येतीया, म्हंजे मी कायतरी चुकीचं लिवलंय."

"लिवलंस तर लिवलंस. खोड आणि पुन्हा लिव."

तेच तर ती करत होती.


मध्येच मेंढरं

चौथ्या फेरीसाठी गाडी वळवली तर रस्ता भरला होता. मेंढरांना पिंपं कळत नाहीत. कळप सावकाश, चघळत, नव्या डांबराचा वास घेत चालला होता, आणि मागे खांद्यावर काठी टाकलेला धनाजी, नाथाजीचा चुलतभाऊ.

"हॉर्न वाजवू नगंस," हरणाबाई म्हणाल्या.

"मी कवा वाजवला?"

"हात गेला हुता तुजा."

धनाजी खिडकीपाशी आला, वाकून लॅपटॉप बघितला. "एवढी महागाची गाडी, आणि अजून शिकवणी लावायला लागती व्हय?"

"तुज्या मेंढरांला लावतो आता," नाथाजी म्हणाला. "रस्ता सोडायची."

"त्येंचं चुकत न्हाई गड्या. म्होरक्या मेंढा घंटी हरवून बसलाय, निम्मी एकीकडं नि निम्मी दुसरीकडं. आवं काकी, गावली का घंटी कुठं?"

हरणाबाई दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. "न्हाई बाबा," त्या म्हणाल्या. "कुठंतरी पडली आसंल."


भाकरी

गाडीतच खाल्ली. बाजरीची, शेंगांच्या चटणीबरोबर. हरणाबाईंनी गाठोडं सोडता सोडता मुद्दाम विचारून घेतलं, "खाल्लं तर चालतंय न्हवं? का वजन बदलतंय?"

दीपमाला पहिल्यांदाच हसली. "गाडीत आसलं काय नि पोटात आसलं काय, वजन तेवढंच, मावशी."

"मग ह्यो तुकडा बी घे. न्हाईतर मीच खाईन, तरी तेवढंच."


फाईल चार पाच सहा सात

यातल्या कुठल्या फाईलमध्ये काय बदललं हे वेगळं सांगण्यात अर्थ नाही. प्रत्येक वेळी ती थोडं थोडं काढून घेत गेली. बाभळी स्पष्ट दिसायला लागल्या. नाथाजीचं हसू चार हजारांवर यायचं ते यायचंच बंद झालं. हरणाबाईंना पदर धरावा लागेना. आणि पाच हजारांवर गाडी

अडखळतच होती.

"ताई," नाथाजी हळूच म्हणाला, "आता ही पयल्यापेक्षा बी दमानं पळाया लागली."

फाईल एक लिहिताना दीपमालाला वाटलं होतं की हे इंजिन तिला समजलंय; कुठे ओढावं, कुठे सोडावं, सगळं. आता वाटत होतं की बेंगळुरूवाला काही सांगत नव्हता तेच बरं होतं. सगळं काढून कंपनीची मूळ फाईल भरावी, हात जोडावेत, आणि उसाच्या ट्रॉल्यांमागून घरी जावं.

तिने मूळ फाईल भरली.

"एक शेवटची फेरी मारा," ती म्हणाली. "परत जाताना गाडी होती तशी दिली, एवढं तरी मला दिसू द्या."

तीन हजार. चार हजार. कंपनीची गाडी, कंपनीच्या चालीने. साडेचार, पाच हजार, आणि

अडखळली.

गाडी थांबली तरी दीपमाला लॅपटॉपकडे बघत राहिली. मग जत्रेच्या आधीचा आलेख उघडला. गाडी पहिल्यांदा मलकापुरात आली त्या दिवशीचा, याच मूळ फाईलवरचा. रेघ गुळगुळीत. खळगा नाही.

"नाथाजीदादा."

"हां?"

"फाईल तीच, गाडी तीच, तवा अडत नव्हती, आज अडती." ती एकेक शब्द ठेवत होती. "म्हंजे माजी फाईल न्हाई. जत्रंत गाडीला काय झालं?"

"काय न्हाई. धुतली. पावण्यांला बॉनेट उघडून दावलं."

"आणि?"

"आणि काय? पूजा केली. आये लिंबू-मिरची बांधाया लागली, मी न्हाई म्हणलो. रंगाला चरे पडत्यात. भायेर काय बी बांधायचं न्हाई म्हणून सांगितलं."

मागच्या सीटवर हरणाबाई जरा पुढे सरकल्या.

"पोरी," हरणाबाई म्हणाल्या, "त्या यंत्राला कान हाय म्हणालीस न्हवं?"

"व्हय, मावशी."

"मग त्येला घंटी बी ऐकू येत आसंल."

नाथाजी वळला. "कसली घंटी?"

"भायेर बांधू नगं म्हणालास," हरणाबाई म्हणाल्या. "म्हणून आत बांधली."


बॉनेटखाली

इंजिनावरचं काळं प्लास्टिकचं झाकण हाताने ओढलं की निघतं. पाहुण्यांना दाखवताना नाथाजीने ते काढलेलं हरणाबाईंनी नीट बघून ठेवलं होतं. झाकणाखाली इंजिन उचलायचा एक लोखंडी हूक असतो, आणि त्या हुकाला, काळ्या लोकरीच्या दोरीने, कडेला जराशी करपलेली, म्होरक्याची पितळी घंटी.

दीपमालाने इंजिन चालू ठेवून घंटीला बोट लावलं. ती गप्प लोंबत होती. मग नाथाजीला रेस वाढवायला सांगितलं. चार हजार, गप्प. साडेचार, थरथर. पाच हजार, आणि घंटी लोखंडावर

टकटकटकटकटक.

इंजिनाने ऐकलं होतं ते बरोबर ऐकलं होतं. दिवसभर इमानदारीने, प्रत्येक वेळी.

दीपमाला बॉनेटला टेकून हसायला लागली. आधी आवाज न करता, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नाथाजीला हसावं की रागवावं कळेना, म्हणून तो उतरून आईच्या खिडकीपाशी गेला. "आये, इथं कशाला?"

"म्होरक्या कुठं बी गेला तरी घंटीवर कळप घरला येतोय." हरणाबाईंनी पोराकडे न बघता सांगितलं. "तू म्होरक्या हायेस, तुला घंटी नगं व्हय?"

दोरीची गाठ नाथाजीनेच सोडवली, नखाने, न कापता. घंटी आईच्या हातात दिली आणि तिची बोटं तिच्यावर मिटवली.

"आता मी उतरू?" हरणाबाईंनी विचारलं.

"उतरायचं न्हाई," दीपमाला डोळे पुसत म्हणाली. "आणि घंटी बी गाडीतच ऱ्हाऊ दे. वजन बदलायला नको."


फाईल एक

तिसरा गिअर, दोन हजार, पाय दाबला, तीन हजार, शिट्टी, बाभळी एकमेकींत मिसळल्या आणि त्यांची एकच हिरवी रेघ झाली, चार हजार, नाथाजीचं हसू आलं आणि यावेळी ते कानापर्यंत गेलं, साडेचार, हरणाबाईंनी पदर दातात धरला आणि घंटी दोन्ही हातांत घट्ट आवळून पोटाशी धरली, इंजिनाला ऐकू जायला नको म्हणून, पाच हजार, आणि गाडी गेली, तशीच गेली, पाच हजारांच्या पुढे, सव्वापाच, साडेपाच, पाठ सीटमध्ये रुतली, दीपमालाने लॅपटॉपकडे बघायचं सोडून समोर बघितलं कारण जे बघायचं ते आता अंगालाच कळत होतं, हे ओढणं तिने लिहिलेलं होतं, हे सोडणंही, सहा हजार, अजून एक श्वास, सव्वासहा, साडेसहा, आणि पाय सोडा म्हणाली तेव्हा पिंपं अजून लांब होती आणि गाडीत तिघंही एकदम बोलत होती.

रेघ गुळगुळीत होती. दीपमालाने लॅपटॉप नाथाजीपुढे धरला. त्याने बघितलाच नाही.

"बेंगळुरात आता निस्तं इडली खायला थांबतो," तो म्हणाला. "आणि गावात आणखी चार-पाच जणांच्या गाड्या हायत्या, सगळे गलाईवाले. त्यास्नी मलकापूरचा रस्ता सांगतो."

"सांगताना आधी घंट्या काढून यायला सांगा."

"जमलं का गं तुजं?" हरणाबाईंनी विचारलं.

"जमलं, मावशी. सकाळीच जमलं हुतं."

हरणाबाईंनी दार उघडून पाय खाली सोडले, दिवसभरात पहिल्यांदा. मग इतका वेळ आवळून धरलेली मूठ उघडली, बोटं मोकळी व्हावीत म्हणून दोरी बोटात अडकलेलीच असताना हात झटकला, आणि घंटी वाजली.

लांब माळावर निम्मी एकीकडे, निम्मी दुसरीकडे चरणारी मेंढरं थांबली. सगळ्यांनी माना वर केल्या. आणि धनाजी काठी आडवी धरून ओरडतोय तोवर अख्खा कळप निळ्या गाडीकडे धावत सुटला, पिंपांमधून, नव्या डांबरावरून, आणि सगळ्यात शेवटी, हा काय प्रकार आहे ते न कळून, म्होरक्या.