पायी बस

आमचे ड्रायव्हरसाहेब म्हणजे माझे यजमान. नोकरीत असताना भली मोठी बस अरुंद वळणावरून अशी काढायचे की आत उभ्या माणसाला दांडा धरावा लागत नसे. निवृत्त झाले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले, ते बसलेच. मग एका दुपारी छातीत कळ आली, दवाखाना झाला. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं.

"औषधं निम्मं काम करतील. उरलेलं निम्मं रोजच्या चालण्यानं होईल. नाही चालले, तर दुसरा झटका काही दार वाजवून येणार नाही."

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. हे मात्र खुर्चीतून हलायला तयार नाहीत. आधी गोडीगुलाबीनं सांगितलं. मग भांडले. मग अबोला धरला, तर तो त्यांना इतका मानवला की मलाच सोडावा लागला. शेवटी दवाखान्यातून मिळालेलं तुंबलेल्या रक्तवाहिनीचं लालभडक चित्र फ्रिजच्या दारावर चिकटवलं. हे यायचे, चित्र हाताखाली झाकत दार उघडायचे, पाण्याची बाटली घ्यायचे आणि परत खुर्चीत. पालथ्या घड्यावर पाणी.

आमची लेक दुसऱ्या शहरात असते. माणसं हात का धूत नाहीत, गाडीत पट्टा का लावत नाहीत, धडधाकट असून जिना सोडून लिफ्टपुढे रांग का लावतात, याचा अभ्यास करणं हे तिचं काम. त्याला सामाजिक मानसशास्त्र म्हणतात. या कामाचा पगार मिळतो याचं तिच्या बाबांना अजून हसू येतं. मी फोनवर रडगाणं गायले तेव्हा ती म्हणाली, "आई, आधी ते चित्र काढ. भीती घातली की माणूस कामाला लागत नाही, डोळे मिटून घेतो."

"मग काय आरती ओवाळू?"

"ऐक तरी. माणूस आजूबाजूचे चार लोक काय करतात ते बघतो. आणि स्वतःला जो समजतो, तसा वागतो. बाबा स्वतःला कोण समजतात?"

"पेशंट! दुसरं कोण?"

"आणि त्याआधी?"

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, असं म्हणून मी फोन ठेवला. पण भाजी चिरता चिरता डोक्यात प्रकाश पडला. आमचे हे सगळ्यात आधी ड्रायव्हर. नंतर माझा नवरा, नंतर लेकीचे बाबा. बसमध्ये पाय ठेवायला जागा नसली तरी थांब्यावरच्या माणसाला सोडून जायचं नाही, हा त्यांचा एकुलता एक अभिमान. स्वतःसाठी हा माणूस उठणार नव्हता, पण कुणी उभं असलं तर?

दुसऱ्या दिवशी मी तीन घरं फिरले. समोरच्या इमारतीत नर्सबाई राहतात. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या एकट्या रस्ता ओलांडायला बिचकायच्या. गणिताच्या मास्तरांची साखर वाढलेली. आणि लाँड्रीवाल्यांचं पोट इस्त्रीच्या टेबलाला टेकायला लागलेलं. तिघांनाही एवढंच म्हटलं, की उद्या सकाळी ठरल्या जागी उभे राहा. नर्सबाईंनी औषधाच्या दुकानापाशी, मास्तरांनी पोस्टाच्या पेटीपाशी, लाँड्रीवाल्यांनी स्वतःच्या दुकानासमोर. एक दिवस माझ्यासाठी करा.

रात्री पानं घेता घेता मी यांच्या कानावर घातलं.

"नर्सबाई उद्या सकाळी औषधाच्या दुकानापाशी उभ्या राहणार आहेत. फिरायला जायचंय, पण सोबत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, हे येतील. पुढे मास्तर आणि लाँड्रीवाले पण येणार आहेत."

"मला न विचारता?"

"चुकलं माझं. उद्याच्या दिवस जा, परवा नाही म्हणून सांगते."

खूप कुरकुर झाली. पण सकाळी मला जाग आली तेव्हा साहेब बूट घालून दारात उभे. "अगं, उठ की! कितीचं सांगितलंयस त्यांना? म्हातारं माणूस उभं असेल तिथं."

परवाचा विषय कुणी काढला नाही.

पुढच्या काही आठवड्यांत आमच्या गल्लीत जी सुरू झाली, तिला लोक पायी बस म्हणायला लागले. थांबे ठरले, वेळ ठरली, रस्ता ठरला. कारखान्याच्या फाटकापाशी ट्रक वळतात म्हणून तो रस्ता साहेबांनी बाद केला. फूटपाथ संपला की उजवीकडून चालायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. सिग्नल बदलायच्या आत कुणी पाय खाली टाकला की यांचा हात आडवा. गंमत म्हणजे ही मंडळी थांबली की मागून आलेली घाईची माणसंही थांबायची. एवढी सगळी उभी असताना एकट्यानं घुसायची लाज वाटत असावी. लेकीला हे सांगितलं तर ती फोनवर अशी आनंदली की जणू तिलाच बढती मिळाली.

शर्टाच्या कारखान्यातल्या दोघी शिंपिणी येऊन मिळाल्या. बाळाची गाडी ढकलत एक नवी आई आली. फेरी बागेपाशी संपायची, तिथं चहाची टपरी आहे. नर्सबाई आणि मास्तर बिनसाखरेचा घ्यायचे, म्हणून शिंपिणीही तसाच मागायला लागल्या. तीन चमचे साखर घेणाऱ्या लाँड्रीवाल्यांनी आठवडाभर तग धरला आणि मग त्यांनाही आपला गोड चहा मागायला संकोच वाटू लागला. कुणीही त्यांना एका शब्दानं काही म्हटलं नव्हतं.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई कागद बघून हसल्या. मी तर सुखानं डोळे मिटून घेतले.

आणि मग बिंग फुटलं. लाँड्रीवाल्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं, बिचारे कौतुक करायला गेले. टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनींचे उपकार हो! त्यांनी येऊन विनवलं, एक दिवस उभे राहा, हे चालत नाहीत. म्हणून उभा राहिलो. नाहीतर मी कसला उठतोय!"

ड्रायव्हरसाहेब तरातरा घरी आले. बूट काढले आणि कपाटाच्या वर फेकले.

"मी काय लहान मूल आहे?" ते म्हणाले. "लोकांना दारोदार जाऊन सांगितलंस, माझ्या नवऱ्याची कीव करा म्हणून? मला वाटत होतं, मी त्यांना नेतोय. आणि ते सगळे मला फिरवत होते!"

"अहो, पण फायदा झाला ना..."

"बस बंद."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. रात्रभर मी कूस बदलत राहिले. उद्या हे उठले नाहीत, तर परवाही उठणार नाहीत, आणि मग ती खुर्ची आहेच. माझ्या शहाणपणानं मीच घाव घातला, असं वाटून रडू आलं.

सकाळी ते खिडकीशी जाऊन बसले. मी वाट पाहिली, मग चप्पल घातली. लोकांना ताटकळत ठेवणं बरं नव्हे. प्रत्येकाला सांगून येऊ, की बस बंद झाली. माझा गुडघा कुरकुरत होता, म्हणून मी मागच्या जिन्यानं उतरून बोळातून गेले. तो बोळ सरळ पोस्टाच्या पेटीशी निघतो. औषधाच्या दुकानाचा कोपरा त्यात सुटतो, पण म्हटलं, नर्सबाईंना परत येताना सांगू.

मास्तर उभे होते. मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "असं का? बरं, आता बाहेर पडलोच आहोत, तर लाँड्रीपर्यंत येतो तुमच्याबरोबर."

लाँड्रीवाल्यांनी ऐकलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. तेही निघाले. पुढच्या वळणावर शिंपिणी आणि बाळाची गाडी. मी थांबून सगळं समजावून सांगतेय आणि त्या माना डोलावत चालतायत. बस बंद झाली हे सांगत सांगत मी अख्खी बस घेऊन बागेपाशी कधी पोहोचले ते कळलं नाही.

तेवढ्यात मागून ओरडणं ऐकू आलं. "अगं ए! डोकं आहे का ठिकाणावर?"

ड्रायव्हरसाहेब येत होते. पायात घरातल्या सपाता, अंगात रात्रीचा सदरा आणि दंडाला धरून नर्सबाई.

"खिडकीतून बघतोय मी!" ते सगळ्यांच्या देखत गरजले. "या तिथं कोपऱ्यावर उभ्या, आणि तू मागच्या मागे पसार! माणूस सोडून बस नेतेस? आणि चालता कसे, रस्त्याच्या डाव्या अंगानं? मागून गाडी आली तर?"

एवढी बोलणी मला लग्नानंतर कधी बसली नसतील. आणि एवढा आनंदही कधी झाला नसेल.

लेक म्हणते, आई, तू मुद्दाम केलंस, काय जबरदस्त तंत्र! शप्पथ सांगते, गुडघा दुखत होता हो.

लाँड्रीवाले हात जोडून पुढे झाले, पण नर्सबाईंनी त्यांना थांबवलं. त्या साहेबांकडे वळल्या. "हे बघा, तुमच्या बायकोनं मला एका दिवसाचं सांगितलं होतं. एका दिवसाचं. त्यानंतर मला कुणी सांगितलेलं नाही."

"मलाही नाही," मास्तर म्हणाले.

साहेबांनी टपरीवाल्याला सगळ्यांसाठी चहा सांगितला.

येताना इतर पुढे गेले आणि आम्ही दोघं मागे राहिलो. माझा गुडघा आणि यांच्या सपाता, म्हणजे वेग यथातथाच.  हे समोर बघत म्हणाले, "मी आळशी नव्हतो गं."

"मी कुठं म्हटलं?"

"रोज म्हणायचीस. दवाखान्यातून आल्यावर मी एकदा खाली उतरलो होतो. तू बाजारात गेली होतीस. औषधाच्या दुकानापर्यंत गेलो आणि पायच उचलेना. वाटलं, इथं पडलो तर? कुणाला कळणार पण नाही, मी कोण ते. तसाच भिंत धरून परत आलो."

"मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? एवढी मोठी बस चालवली आयुष्यभर, आणि रस्त्याला घाबरतो म्हणून सांगू?" त्यांनी निसटलेली सपात पायात सरकवली. "चार माणसं बरोबर असली की नाही वाटत भीती. म्हणून राग आला काल. वाटलं, ती माणसं खरी नव्हतीच."

 इतके दिवस मी या माणसाला खुर्चीतून उठवायला निघाले होते, आणि त्याला नुसतं कुणीतरी सोबत हवं होतं. स्वतःला सोडून सगळ्या गल्लीला मी त्याच्या सोबतीला पाठवलं.

भर रस्त्यात मी त्यांचा हात धरला. ते दचकले, आजूबाजूला बघितलं, कान लाल झाले.

"सोड गं, लोक बघतायत."

मी सोडला नाही. त्यांनीही काढून घेतला नाही. घर येईपर्यंत आम्ही तसेच चाललो, रस्त्याच्या उजव्या अंगानं.