मला लाद्या कुणी मागितल्या होत्या?

मित्रांनो, मी एक जुना गोठा आहे. काशीत मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत उभा आहे, आणि सध्या माझं डोकं जाम फिरलेलं आहे. का ते सांगतो.

माझे मालक इथले मराठी भटजी. मला बांधलं तेव्हा त्यांच्या घरी पाच गाई होत्या. माझा गवंडी मोठा जाणता माणूस. त्याने जमिनीत विटा उभ्या कडेवर रोवल्या, म्हणजे खूर घट्ट बसतो. नालीकडे बोटभर उतार दिला, म्हणजे गोमूत्र साचत नाही. छपराखाली सात झरोके ठेवले, म्हणजे आतली कोंदट वाफ वरच्या वर निघून जाते. पावसाळ्यात शेजारची घरं पाझरायची, पण माझ्या गाई कोरड्या बसायच्या. दूध न्यायला येणारे लोक म्हणायचे, "काय सुरेख गोठा आहे हो!" ते दिवस आठवले की अजून भरून येतं.

एकेक करून गाई गेल्या, कपिला तेवढी राहिली. यंदा, म्हणजे १९९६ साली, ती गाभण होती. वसुबारस आठ दिवसांवर आली आणि घरच्या बिंदुमाधवाला अवदसा आठवली. हा पंचगंगा घाटावर पौरोहित्य करतो.

"पूजेला यजमान येणार. गोमातेला असल्या खडबडीत विटांवर बसवायचं? शोभतं का आपल्याला?"

त्याची लीलाकाकू चाळीस वर्षं इथे धारा काढतेय. ती म्हणाली, "अरे, तिला खूर आहेत, चपला नाहीत. घसरेल ना ती!"

"काकू, तू टेन्शन नको घेऊ. मिस्त्री पक्का आहे."

मिस्त्री लगेच म्हणाला, "एकदम चकाचक हो जाएगा, पंडित जी!"

झालं! माझ्या विटांवर सिमेंट ओतलं, वर पांढऱ्या गुळगुळीत लाद्या बसवल्या. उतार गेला. कबुतरं येतात म्हणून सातही झरोके लिंपले. लाद्या कमी पडल्या, म्हणून गव्हाणीजवळचा एक कोपरा कसाबसा वाचला. मला कुणी विचारलं? गाईला हार घालायचा, ओवाळायचं, पण ती पाय कुठे टेकणार ते बघायचं नाही. वैताग आहे नुसता!

चौथ्या दिवशी सकाळी कपिला उठायला गेली आणि मागचे पाय फाकून धाडकन पडली. पुन्हा जोर केला, पुन्हा घसरली. पोटात वासरू! मला चार भिंती आहेत, पण हात एकही नाही. इतका असहाय मी कधीच नव्हतो.

"बघत काय राहिलास?" लीलाकाकू ओरडली. "चुलीतली राख आण, गोणपाट आण! अशीच पडून राहिली तर दोन्ही जीव जातील!"

बिंदुमाधव धावला. त्याची बायको प्रभावती राखेचं घमेलं घेऊन आली. पायांखाली गोणपाट सरकवले, पोटाखालून दोर घातला, गल्लीतल्या चौघांनी उचल दिली. तिसऱ्या खेपेला कपिला थरथरत उभी राहिली आणि तडक त्या विटांच्या कोपऱ्यात गेली. तिथून हलेचना. वसुबारसेच्या आदल्या दिवशी ती तिथेच व्याली.

बिंदुमाधव तिच्या पायाला तेल चोळत रडला. "काकू, चुकलं माझं," म्हणाला. पूजा आटोपल्यावर त्याने स्वतः पहार घेऊन लाद्या फोडल्या. विटा उभ्या कशा लावायच्या, हे मिस्त्रीला येईना. मग काकूने त्याला त्या उरलेल्या कोपऱ्यासमोर बसवलं आणि बघून बघून सगळी जमीन उतारासकट पुन्हा करून घेतली.

आता पाहुणे आले की बिंदुमाधव माझा उतार कौतुकाने दाखवतो, जसा काही यानेच काढलाय! दाखव बाबा, माझी ना नाही. पण मित्रांनो, या गल्लीतून गेलात तर त्याला एवढं सांगा, की मान जरा वर करून बघ. झरोके अजून बंद आहेत, आणि वासरू सकाळपासून खोकतंय.