अझेली हलली का?

मित्रांनो, मी कोळंबी पकडणारी एक जुनी बोट आहे आणि आमच्या खाडीत माझ्या शब्दाला वजन आहे. आता शब्द कसला, मला बोलता कुठे येतं? पण मी जागची हलले की माणसं घरं सोडतात.

माझा मालक ओव्हिद, त्याच्या वडिलांनी मला सायप्रस नावाच्या झाडाच्या लाकडातून घडवलं आणि आपल्या आईचं नाव दिलं, अझेली. अमेरिकेतल्या लुईझियानाच्या या टोकाला समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. चाळीस वर्षं मी जाळी ओढली. चक्रीवादळ यायचं असलं की ओव्हिद मला उचलपुलाच्या पलीकडे, आतल्या कालव्यात नेऊन बांधायचा. एकदा टीव्हीवाले 'निघा, निघा' म्हणून घसा कोरडा करत होते, पण त्यानं मला हलवलं नाही. वादळ भलतीकडेच वळलं आणि निघालेली मंडळी दिवसभर गाड्यांत उकडून परत आली. तेव्हापासून काठावर एकच प्रश्न, "अझेली हलली का?" मलाही गर्व चढला, खोटं कशाला बोलू?

गेल्या ऑगस्टमध्ये माझं इंजिन दुरुस्तीला बाहेर काढलं होतं. मी धक्क्याला नुसती तरंगत होते. तेवढ्यात वादळाची बातमी आली. टीव्हीवरच्या नकाशात वादळाची रेघ आमच्या पूर्वेकडून जात होती, मोबाइलवर कुणाच्या तरी भाच्यानं ती पश्चिमेकडून नेली होती आणि पोलिसांची गाडी गाव रिकामं करा म्हणून ओरडत फिरत होती. लोक पार गोंधळले आणि सवयीनं माझ्याकडे बघू लागले. मी जागच्या जागी. झालं, सगळे निर्धास्त.

शेजारची म्हातारी अर्लीनसुद्धा. तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी असते आणि ते यंत्र विजेवर चालतं. वीज गेली तर तिचं काय होणार, हे मला कळत होतं. पण सांगणार कशी? आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या मानाची लाज वाटली.

दुपारी ओव्हिद गाडीत सामान भरून तिच्या ओसरीवर आला.

"तुझी पिशवी कुठंय?"

"कशाला? अझेली बांधलेलीच आहे की."

"अगं बाई, तिचं इंजिन माझ्या शेडमध्ये पडलंय. ती हलणार कशी?"

अर्लीन भडकली. "मग बोलायचं नाही होय रे? पुलापर्यंतची सात घरं तिच्या भरवशावर बसलीत."

"आत्ता दारोदार जाऊन सांगतो."

"आणि प्रत्येक जण तुझ्याशी तासभर वाद घालेल. तिला हलव."

ओव्हिदनं पलीकडच्या काठावरच्या क्लोव्हिसला हाक मारली. त्याची बोट माझ्याहून लहान. "ही म्हातारी मला ओढवेल का?" म्हणत त्यानं दोर बांधलासुद्धा. म्हातारी म्हणाला, तेही मी ऐकून घेतलं.

भरदुपारी भोंगा वाजवत आम्ही निघालो. पहिल्या घरातल्या बाईनं मला बघितलं आणि दोरीवरचे ओले कपडे तसेच टोपलीत कोंबले. दुसऱ्या घरी गाडीचं दार उघडलं. पुलाशी पोचेपर्यंत सातही घरांत आवराआवर सुरू होती. काठच्या रस्त्यानं ओव्हिदच्या बायकोची गाडी पुढे गेली. आत अर्लीन होती, मांडीवर तिचं यंत्र.

वादळ थेट आमच्यावर आलं. तीन आठवडे वीज नव्हती. अर्लीनचं छप्पर दलदलीत सापडलं. ती स्वतः मात्र लांब बहिणीच्या स्वयंपाकघरात गंबोच्या रश्शाच्या पातेल्यात मीठ कमी आहे म्हणून भांडत होती.

मित्रांनो, आम्हा जुन्या बोटींना जपा, तळ खरवडा, रंग द्या. पण मी उभी दिसले, तर का उभी आहे ते मालकाला विचारा. मी लाकडाची आहे, माझ्याकडे नुसतं बघून कळत नाही.

या जूनमध्ये, वादळांचा मोसम सुरू होताच, अर्लीन काठी टेकत धक्क्यावर आली. "इंजिन आत आहे ना?" तिनं विचारलं. ओव्हिदनं ते सुरू करून दाखवलं. तिनं कान देऊन ऐकलं, मान हलवली आणि घरी जाऊन आपली पिशवी भरून दाराशी ठेवली.