सुसंस्कृत पेशी

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं वेलांटीकाका म्हणत. खरं म्हणजे ते राहून गेलं नव्हतं. रोज टेबलाशी बसून, नेटानं टाळलेलं होतं.

उभा जन्म छापखान्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पकडण्यात गेला, म्हणून त्यांना हे नाव पडलेलं. पत्र होतं कर्करोगाच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेचं. लोकांच्या देणग्या कुठल्या संशोधनाला द्यायच्या, हे ठरवताना संस्था डॉक्टरांचं मत घेई, तसंच घरात हे दुखणं पाहिलेल्या साध्या माणसांचंही घेई. त्यांनी अर्ज वाचायचा आणि काय कळलं ते लिहायचं. काकांच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, घशाचा कर्करोग होऊन गेला होता. आता ती ठणठणीत होती. आवाज तर पहिल्यापेक्षा चढलाच होता.

पत्रासोबतचा अर्ज एका तरुण संशोधक बाईंचा होता. घशातली गाठ लवकर पकडणारी तपासणी त्यांना शोधायची होती. काकांना सगळं पटलं. फक्त एका जागी ते अडले. 'प्रथम रुग्णांच्या पेशींना संस्कृतीत वाढवले जाईल. नंतर उंदीर मॉडेलांवर प्रयोग होतील.'

संस्कृतीत तर आपणही वाढलो, काका मनाशी म्हणत, पण मॉडेल उंदीर? लगेच डोळ्यांपुढून एक उंदीर कमरेवर हात ठेवून डौलात चालत येई, गर्रकन वळे आणि शेपटी झटकून परत जाई.

विचारावं तर हसं व्हायचं. शिवाय आपल्या बावळट प्रश्नानं अर्जच बारगळला तर? ते कागद घेत, 'महोदय' लिहीत, 'महोदया' तर नसतील, या शंकेनं खोडत आणि उठत.

शेवटी संस्थेचे सचिवच जिना चढून धापा टाकत आले.

"काका, बैठक तोंडावर आलीय. तुमचं मत आलं नाही तर बाईंचा अर्ज वर्षभर बाजूला पडेल!"

"बाळ्या!" अक्का आतून कडाडली. "घशाच्या गाठीचं पत्र आणि तू त्यावर अंडी उबवत बसलायस?"

"अक्का, तसं नाही गं..." म्हणत काका सचिवांकडे वळले. "बाकीच्यांनी काय लिहिलंय हो?"

"ते गुप्त असतं," सचिव म्हणाले आणि लगेच आवाज खाली आणून म्हणाले, "सगळ्यांनी 'उत्कृष्ट' लिहिलंय."

काकांचा चेहरा पडला. म्हणजे कळलं नाही ते एकट्या आपल्यालाच. अक्कानं अर्ज ओढून घेतला, चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचला.

"पेशींना संस्कृती? त्या मेल्यांना? न विचारता घशात घुसल्या माझ्या! आणि हे उंदीर मॉडेल काय प्रकरण आहे? सांगा बघू, सचिव."

सचिव पाणी प्यायले. मग पेला न्याहाळत बसले.

"प्लास्टिकचे असावेत. शाळेत सांगाडा असतो ना, तसे."

"असावेत?"

"अर्ज इंग्रजीत होता हो. 'सेल कल्चर', 'माउस मॉडेल' असं काहीसं. मराठी संगणकानं केलंय, शब्दाला शब्द ठेवून. मी आपला हिशेब बघतो."

"मला वाटलं, देखणे उंदीर," काका पुटपुटले.

अक्का हसत सुटली. "हा हिशेबवाला प्लास्टिकचे म्हणतो, तू देखणे म्हणतोस, आणि बाकीचे उत्कृष्ट!"

"पण प्रश्न विचारला तर अर्ज बाद होईल का हो?" काकांनी घाबरत विचारलं.

"छे! प्रश्न बाईंकडे जातो, त्या बैठकीत उत्तर देतात. गप्प बसलात तरच घोळ. आणा, मीच लिहून घेतो... नाही, नियम आहे. बंद पाकिटात, टपालानंच यायला हवं."

काकांनी कागद ओढला. 'महोदय/महोदया' असं दोन्ही लिहून टाकलं आणि पुढे: 'पेशींना संस्कृती कोण शिकवतं, आणि उंदीर कशाचे मॉडेल आहेत, हे मला कळलं नाही. बहुधा इतरांनाही कळलेलं नाही. बाईंनी समजावून सांगावं. बाकी सगळं कळलं आणि पटलं. पैसे जरूर द्यावेत.'

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत अक्का पहारेकऱ्यासारखी मागून आली. काकांनी पाकीट फटीत सरकवलं, पण टोक काही सोडलं नाही.

"अक्का, 'बहुधा' शब्दात 'धा'च लिहिला ना मी? की 'दा' झाला?"

"बाळ्या, सोड!"

काकांनी डोळे मिटले आणि बोटं उघडली. आत पाकीट टप्पकन पडलं.